पंख्याचं विमान म्हणून नाक मुरडू नका

देवणीकर मित्रांनो, थोडं मोठं लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा.

लातूर-नांदेडच्या विमानाचा विषय निघाला की कट्ट्यावर एक वाक्य हमखास येतं, "पंख्याचं डबडं नको, आपल्याला जेट पाहिजे." पुढारीही तेच उचलून भाषण ठोकतात. माझं म्हणणं सरळ आहे : हा हट्ट म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

पंखा म्हणजे जुनाट, हे आधी डोक्यातून काढा. त्या पंख्यामागे जेटसारखंच टर्बाइन फिरतं. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेत नांदेड-हैदराबाद सुरू झालं ते ट्रूजेटचं एटीआर ७२, म्हणजे टर्बोप्रॉपच. २०२० ला आपल्या शेजारच्या बीदरहून बंगळुरूला गेलं तेही त्यांचंच. तासाभराच्या अंतराला सत्तरेक माणसं जेटपेक्षा कमी इंधनात नेणारं यंत्र आहे हे. ट्रूजेट बसली ती पैशापायी, पंख्यापायी नाही.

"पण पंखा बेफाम सुटला तर?" असं विचारणाऱ्यांनी विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आठवावं. चालू इंजिनाचा पट्टा निसटला की भार जातो, इंजिन पळायला लागतं. तेवढ्यात गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात, डिझेल कमी होतं आणि इंजिन जाग्यावर येतं. विमानातही तत्त्व तेच, फक्त पहिला उपाय वेगळा. फेरे वाढले की गव्हर्नर तेलाचा दाब बदलून पात्यांचा कोन वाढवतो. पातं हवेचा मोठा घास घेतं, भार वाढतो, फेरे उतरतात. एटीआरचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला १२०० फेरे घेतो. तो त्याच्या थोडा वर गेला, तर दुसरा, स्वतंत्र ओव्हरस्पीड गव्हर्नर तयार असतो. आणि त्याच्याही हाताबाहेर गेला तर शेवटी इंधनच आवळलं जातं. एकावर एक अशी ही राखण आहे.

मग अपघात होत नाहीत का? होतात. ५ एप्रिल १९९१ ला अमेरिकेत ब्रन्सविकजवळ एक टर्बोप्रॉप पडलं, २३ माणसं गेली. पंख्याच्या नियंत्रणातला दाते असलेला एक बारका भाग झिजला होता, त्यामुळं पात्यांचा कोन गव्हर्नरच्या हातातच राहिला नाही. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात एटीआर पडून ७२ जण गेले, त्यात ५ भारतीय. त्याचा व्हिडिओ आपल्या ग्रुपवर "पंख्याची विमानं धोक्याची" म्हणून फिरला. चौकशीत निघालं काय? वैमानिकाच्या हातून फ्लॅपऐवजी पंख्याचे लिव्हर ओढले गेले, पाती हवेला आडवी होण्याऐवजी सरळ झाली आणि ओढच संपली.

म्हणजे एकीकडे झिजलेला भाग, दुसरीकडे चुकलेला हात. देखभाल आणि प्रशिक्षण, दोष तिथं आहे. जेटला या दोन्हीतून सूट आहे का?

आणि इथंच आपलं खरं दुखणं आहे. लातूर पॅटर्ननं डॉक्टर घडवले, अभिमान आहे. पण विमानाची देखभाल करणारा, डीजीसीएचा परवाना असलेला अभियंता घडवणारी संस्था लातूरला पाहिजे, असं कोणत्या सभेत ऐकलंय? आपली आयटीआयची पोरं गव्हर्नर खोलून जोडू शकतात, त्यांना वाट कुणी दाखवायची?

हैदराबादला दवाखान्यासाठी रातभर गाडीत हाल काढणाऱ्या पेशंटला विमान पंख्याचं की जेटचं, यानं काय फरक पडतो? त्याला रोजचं, वेळेवरचं आणि परवडणारं विमान पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी पुढारी दारात आले की "जेट कधी?" विचारू नका. विचारा : सेवा किती वर्षं टिकणार, देखभाल कुठं होणार, आणि त्यात आमची किती पोरं लागणार? उत्तर नसेल तर चहा पाजा आणि वाटे लावा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.