संसद बांधून दिली, पुढे काय?



मतदान करून आल्यावर शाई लावलेल्या बोटाचा फोटो तुम्हीही स्टेटसला टाकता ना? ती शाई म्हैसूरमध्ये तयार होते, कर्नाटक सरकारच्या ‘म्हैसूर पेंट्स अँड वार्निश’ या कारखान्यात. १९६२च्या लोकसभा निवडणुकीपासून आपल्या बोटांना हीच शाई लागते. आणि फक्त आपल्याच नाही, २५ पेक्षा जास्त देशांनी ती आपल्याकडून मागवली आहे.

म्हणजे दुसऱ्या देशांच्या लोकशाहीला आपला हातभार लागतोच. पण सरकार अशी मदत करतं म्हणजे नेमकं काय करतं? त्यात आधी काय आणि नंतर काय, हे कसं ठरतं? आज त्याबद्दल बोलूया.

दोन पद्धती

अमेरिकेने १९८३ मध्ये ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी’ नावाची संस्था काढली. ही संस्था दुसऱ्या देशांतल्या सामाजिक संघटनांना, पत्रकारांना, मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांना पैसे देते. साहजिकच अनेक सरकारांना हे खटकतं. ‘आमच्या घरात तुमचं काय काम?’ असं ती विचारतात.

आपली पद्धत वेगळी. शेजाऱ्याच्या घरात न बोलावता जायचं नाही, पण हाक आली तर मदतीला जायचं. भूतानमध्ये २००८ साली पहिल्यांदा संसदेची निवडणूक झाली, तेव्हा मतदानयंत्रं भारतातून गेली. २०१४ मध्ये नामिबियाने आपली यंत्रं वापरली. दिल्लीत निवडणूक आयोगाची एक प्रशिक्षण संस्था २०११ पासून आहे, तिथे परदेशातले निवडणूक अधिकारी शिकायला येतात. यंत्र द्यायचं, शिकवायचं, पण उपदेश करायचा नाही.

ऐकायला छान वाटतं. पण या पद्धतीची खरी परीक्षा काबूलमध्ये झाली.

काबूलची गोष्ट

अफगाणिस्तानात भारताने रस्ते, धरण, वीज अशा कामांवर सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च केले. त्यातच काबूलमध्ये नवी संसदही बांधून दिली. २५ डिसेंबर २०१५ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तो अटलबिहारी वाजपेयींचा जन्मदिवस, म्हणून इमारतीच्या एका भागाला अटलजींचं नाव दिलं. तिथल्या कनिष्ठ सभागृहात २४९ जागा होत्या आणि त्यातल्या ६८ महिलांसाठी राखीव होत्या.

१५ ऑगस्ट २०२१ला आपण झेंडावंदन करून घरी आलो, त्याच दिवशी तालिबान काबूलमध्ये शिरले. संसद बंद झाली. डिसेंबरमध्ये त्यांनी निवडणूक आयोगच बरखास्त केला. आपण बांधलेली इमारत उभी राहिली, तिच्यात बसणारे लोकप्रतिनिधी मात्र राहिले नाहीत.

त्यातल्या एक होत्या खासदार रंगिना कारगर. काबूल पडल्यावर पाचच दिवसांनी त्या दिल्ली विमानतळावर उतरल्या. हातात राजनैतिक पासपोर्ट होता, तरी त्यांना आत न घेता परत पाठवण्यात आलं. नंतर सरकारने चूक मान्य करून त्यांना आणीबाणीचा व्हिसा देऊ केला. पण ज्या संसदेचं उद्घाटन आपण केलं, तिथल्याच खासदाराला आपल्या दारातून परत जावं लागलं, ही गोष्ट राहिलीच.

त्याच महिन्यात अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द झाले. पुण्यात राहिलेल्या वाचकांना तिथले अफगाण विद्यार्थी आठवत असतील. सुट्टीत घरी गेलेले कितीतरी जण तिकडेच अडकले.

सरकारचीही बाजू आहे

सरकारला फक्त लोकशाही बघून चालत नाही. दहशतवाद आहे, पाकिस्तान आहे, चीन आहे. काबूलशी बोलणंच बंद केलं तर ती जागा दुसरं कोणीतरी घेणार. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. पण त्या मंत्र्यांच्या दिल्लीतल्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. टीका झाल्यावर दुसरी परिषद घेतली, तेव्हा महिलांना बोलावणं गेलं. त्या परिषदेशी आपला संबंध नव्हता, असं भारत सरकारने सांगितलं.

तालिबानशी बोलायलाच नको, असं मला वाटत नाही. अमेरिकेने २० वर्षं सैन्य ठेवूनही तिथे लोकशाही टिकली नाही, तर आपण ती परत आणू शकत नाही, हे उघड आहे. पण राज्यकर्त्यांशी बोलताना, त्या लोकशाहीवर विश्वास ठेवून पुढे आलेली माणसं यादीत सगळ्यात खाली का जावीत? निवडून आलेल्या बायका, पत्रकार, शाळा बंद झालेल्या मुली. त्यांना वेळेवर व्हिसा, कॉलेजात जागा, शिष्यवृत्ती देणं हे संसद बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. त्यासाठी कोणाच्या घरात न बोलावता शिरावंही लागत नाही. फक्त आपलं दार उघडावं लागतं.

यापुढे ‘भारताने अमुक देशाच्या लोकशाहीला मदत केली’ अशी बातमी फोनवर दिसली की दोन प्रश्न नक्की विचारा. मदत वस्तूंची आहे की माणसांची? आणि तिथलं सरकार बदललं, तर ती मदत घेणाऱ्या माणसांचं काय होणार?

हे प्रश्न घरातल्या मुलांसमोरही विचारा. पुढच्या वेळी बोटाला शाई लागेल तेव्हा तिच्याबद्दल बोलायला त्यांच्याकडेही काहीतरी असेल.

भेटूया पुढच्या आठवड्यात!