गाडीतली चटई

आमच्या भाच्याने कर्ज काढून जुनी गाडी घेतली, भाड्याने चालवायला. पहिल्याच पावसाळ्यात आत कुबट वास. आम्ही खालचा गालिचा उचलून पाहिला, तर पाणी साचलेले नि पत्र्याला गंज. प्रवाशांच्या ओल्या चपला, ठिबकत्या छत्र्या. दुसरे काय होणार! वर चटया होत्या मखमली. दिसायला झकास, पण पाणी पिणाऱ्या.

पावसाळ्यात रबरीच बरी. कडा उंच असाव्यात, म्हणजे चिखलपाणी चटईतच राहते. आधी गालिचा मात्र पुरता सुकवावा, नाहीतर ओल आतच कोंडते.

भाच्याने काटकसर म्हणून जुनीवरच नवी टाकली, तीही दुसऱ्याच गाडीच्या मापाची. आम्ही चालकाच्या बाजूची तिथल्या तिथे काढायला लावली. चटई पुढे सरकली की अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकतो. २००९ साली अमेरिकेत सॅन दिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची चटई होती. पेडल अडकले, एकाच कुटुंबातले चौघे गेले.

गाडीच्या मापाची, हुकात अडकणारी चटई थोडी महाग पडते. तरी तीच घे, आणि दुकानातच तिन्ही पेडल पायाने दाबून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस, असे भाच्याला बजावले आहे.