स्वतंत्र गायक-वादकांची नोंदणी, वेळेवर मोबदला आणि कल्याणकारी मंडळ यांबाबत निवेदन

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीसाठी : मा. कामगार मंत्री, मा. संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

विषय : कोणाच्याही पगारपत्रकावर नसलेल्या गायक, वादक व संगीतकारांना श्रमिक म्हणून मान्यता मिळणेबाबत.

माननीय महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुण्यात राहून गातो, वाजवतो, चाली बांधतो. आमच्यात तबलावादक आहेत, संवादिनीवादक आहेत, गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे आहेत, स्वतःची गाणी स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड करून प्रसिद्ध करणारे तरुण-तरुणी आहेत. कोणाला पगार नाही, कोणाच्या मागे कंपनी नाही. गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत आणि पुढे थंडी संपेपर्यंत तारखा असतात. त्यातही पितृपक्षाचा पंधरवडा रिकामाच. मे महिन्याच्या अखेरीपासून पुढच्या गणपतीपर्यंत, आषाढीचे अभंगांचे कार्यक्रम वगळले तर, हाताला काम नसते. घरभाडे मात्र बाराही महिने असते.

आमची अडचण एका शब्दापासून सुरू होते. तो शब्द म्हणजे ‘मानधन’. कार्यक्रमाच्या खर्चात मंडपवाल्याचे बिल असते, ध्वनियंत्रणेचे बिल असते, फुलवाल्याचेही असते. आम्हाला पाकीट असते. बिलाचा तगादा लावता येतो. पाकिटात किती असेल आणि ते कधी मिळेल, हे देणाऱ्याच्या मनावर असते, आणि विचारणा केली तर मान मागे घेतल्यासारखी वागणूक मिळते. “देवाचं कार्य आहे, सेवा समजा”, “पुढच्या वेळी बघू”, “मोठ्या स्टेजवर नाव होतंय ना” ही वाक्ये आमच्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहेत.

आमच्यातील एका तबलावादकाचा अनुभव सांगतो. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी तो पहाटे तीनला घरून निघाला, साडेचारला साउंड चेक केला आणि नऊपर्यंत वाजवले. पाहुण्या गायकांचे पैसे त्याच दिवशी दिले गेले. साथीदारांचे पैसे होळीनंतर आले, तेही ठरल्यापेक्षा कमी. मधल्या काळात त्याने दोनदा फोन केला. पुढच्या वर्षी त्या आयोजकांनी दुसऱ्याला बोलावले. तेव्हापासून तो कोणालाच फोन करत नाही. लेखी काहीच नव्हते, त्यामुळे दाद मागायची तरी कशाच्या आधारावर?

शासन आमची दखल कधी घेते, तेही सांगणे आवश्यक आहे. वयाची पन्नाशी उलटल्यावर, उत्पन्न अत्यल्प असल्याचा दाखला घेऊन आम्ही अर्ज करू शकतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेतून दरमहा ५,००० रुपये मिळतात. ही योजना आहे याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत आणि ती बंद होऊ नये असेच आम्हाला वाटते. परंतु जिच्यावर शाहू महाराजांचे नाव आहे, त्या योजनेसमोर त्यांचेच उदाहरण ठेवावेसे वाटते. महाराजांनी गायक अल्लादियाखाँ साहेबांना कोल्हापूर दरबारात आणले, तेव्हा खाँसाहेब चाळिशीच्या आसपास होते. आश्रय मिळाला तो गळा चालू असताना, शिष्य घडवण्याच्या वयात. जयपूर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली, त्यामागे ती दरमहाची निश्चिंती होती. आज विसाव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा, म्हणजे कलाकाराच्या ऐन उमेदीचा काळ, शासनाच्या कोणत्याच नोंदवहीत नाही.

पूर्वीच्या पिढीला निदान नोकरीचा आधार घेता येत असे. वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकाने अनेक वर्षे लष्करी लेखा खात्यात नोकरी करून गाणे जपले. गाण्याला वेळ देऊ देणाऱ्या तशा कायम नोकऱ्या आता आमच्या वाट्याला येत नाहीत. आमच्यातले अनेक जण दिवसा क्लास घेतात, काही रात्री गाडी चालवून घरोघरी जेवण पोहोचवतात. रियाजाचा वेळ त्यातूनच कापला जातो.

कोरोनाच्या काळात शासनदरबारी नोंद नसण्याची ही उणीव उघडी पडली. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या प्रेक्षकसंख्येने उघडली, २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच राहिली. या काळात आमच्यापैकी काहींनी वाद्ये विकली. स्वतःच्या हाताला बसलेला डग्गा विकणे म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच कळते. मदतीच्या चर्चा आम्ही वाचत होतो, पण आमची नावे कोणत्याही यादीत नव्हती.

महोदय, यावरचा उपाय परदेशातून आणण्याची गरज नाही. तो याच राज्याने शोधलेला आहे. हमालही एका मालकाचा नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याचे पोते उचलतो, दुपारी दुसऱ्याचे. ‘याचा मालक कोण?’ या प्रश्नाला उत्तर नाही म्हणून त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, उपचार नाहीत, अशी स्थिती होती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढा दिला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मजुरी मंडळाकडे जमा होते, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही व्यापारी भरतो, आणि त्यातून निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार मिळतात. मालक अनेक असले तरी कामगार एकच आहे, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. साथीदाराची स्थिती हुबेहूब तीच आहे. सकाळी लग्नात शहनाईच्या साथीला, दुपारी स्टुडिओत, रात्री मैफलीत, असा एका दिवसात तो तीन जणांचे काम करतो आणि तिघांपैकी कोणाचाच कामगार नसतो. केंद्राने १९८१ मध्ये चित्रपट कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. तोच वादक चित्रपटासाठी वाजवतो तेव्हा कामगार आणि सभागृहात वाजवतो तेव्हा कोणीच नाही, हा भेद आम्हाला न्याय्य वाटत नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी आहे की, माथाडी मंडळांच्या धर्तीवर राज्यात स्वतंत्र संगीत कलाकार कल्याणकारी मंडळ स्थापन करावे. वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक व्यावसायिक गायक, वादक, संगीतकाराची जिल्हावार नोंदणी करून ओळखपत्र द्यावे. तिकीट लावून होणारे कार्यक्रम, प्रायोजित महोत्सव आणि व्यावसायिक समारंभ यांच्या आयोजकांकडून कलाकारांच्या मोबदल्यावर अल्प लेव्ही घ्यावी आणि तीत शासनाने आपला वाटा घालावा. गल्लीतल्या छोट्या मंडळावर किंवा घरगुती बैठकीवर हा बोजा नको, हेही आम्ही स्पष्टपणे नमूद करतो. त्या बैठकींवरच आम्ही वाढलो आहोत. जमा निधीतून आरोग्य विमा, अपघात विमा आणि भविष्यनिर्वाह निधी सुरू व्हावा. कार्यक्रम संपवून मध्यरात्री दुचाकीवर वाद्य बांधून दूरच्या गावाहून परतणे हा आमचा नेहमीचा प्रवास आहे, त्यामुळे अपघात विम्याला विलंब होऊ नये.

मंडळ स्थापन होण्यास वेळ लागेल. मोबदल्याच्या बाबतीत मात्र आपले खाते आजच आदर्श घालून देऊ शकते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने छोट्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाचा हक्क दिला आहे. तीच मुदत कलाकाराला लागू करावी. शासन आणि महापालिका यांचे महोत्सव बहुधा मधल्या एजन्सीमार्फत होतात. निविदेत मंच, प्रकाश, जाहिरात यांचे दर तपशीलवार असतात, तसा साथीदारांच्या मोबदल्याचाही स्वतंत्र रकाना असावा आणि ती रक्कम थेट कलाकाराच्या खात्यात जावी. प्रत्येक कार्यक्रमासाठी एक पानाचा मराठी करारनामा सक्तीचा करावा. त्यात रक्कम, देय दिनांक आणि तारीख रद्द झाल्यास द्यायची भरपाई, एवढे तीन मुद्दे पुरेसे आहेत. त्या कागदावर ‘मानधन’ऐवजी ‘मोबदला’ हा शब्द छापावा, ही विनंती आम्ही विचारपूर्वक करत आहोत.

स्वतःची गाणी करणाऱ्यांचे दुखणे थोडे वेगळे आहे. आमच्यातील एका गायिकेने पहिले गाणे रेकॉर्ड करण्यासाठी आईची पाटली गहाण ठेवली. गाणे ऐकले गेले, लोकांनी कौतुकही केले. त्या कौतुकातून पाटली सुटली नाही. गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या मंचांचे नियमही लहान कलाकाराच्या बाजूचे नाहीत. मागील १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रॉयल्टी नाही, असा नियम स्पॉटिफायने २०२४ पासून केला. वर्षभरात ९०० वेळा ऐकले गेलेले वऱ्हाडी किंवा मालवणी गाणे त्या हिशेबात शून्य ठरते. हे मंच आपल्या अखत्यारीत नाहीत, याची आम्हाला जाणीव आहे. मात्र जे हक्क कायद्याने दिले आहेत, ते तरी पदरात पडावेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांच्या वापरातील रॉयल्टीचा वाटा राखून ठेवला. तो वारसाला किंवा हक्कवसुली करणाऱ्या संस्थेलाच देता येतो, निर्मात्याला लिहून देता येत नाही. तरीही ‘सर्व हक्क कायमचे’ असे इंग्रजी कागद तरुण मुलांकडून सही करून घेतले जातात. प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एकदा नोंदणी आणि कायदा मार्गदर्शन शिबिर घ्यावे, तसेच असे कागद सहीपूर्वी तपासून देणारा वकील संचालनालयाने उपलब्ध करून द्यावा.

आता जे शासकीय निवेदनात सहसा लिहिले जात नाही, ते लिहितो. आमच्यातील एका वादकाचे मनगट दुखावले. डॉक्टरांनी पाच महिने विश्रांती सांगितली. त्याने ती घेतली नाही आणि दुखणे कोणाला सांगितलेही नाही. कारण ‘त्याचा हात गेलाय’ अशी बोलवा झाली की तारखा जातात आणि त्या परत येत नाहीत. गायक आवाज बसला तरी हेच करतात. लग्नाच्या बोलणीत “गाणं ठीक आहे, पण मुलगा काम काय करतो?” असा प्रश्न येतो. रियाजाचा आवाज होतो म्हणून घरमालक जागा देत नाहीत. बँक पगाराची पावती मागते. रात्री हजार लोकांच्या टाळ्या घेतलेला माणूस सकाळी विजेचे बिल कसे भरायचे या विचारात एकटा बसलेला असतो, आणि हे तो घरीही बोलत नाही, कारण हा मार्ग त्यानेच घरच्यांशी भांडून निवडलेला असतो. आमच्या काही सोबत्यांनी या एकटेपणापायी वाद्य कायमचे खाली ठेवले. केंद्राची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तिच्या जोडीला कलाकारांची कामाची पद्धत जाणणारे समुपदेशक मंडळामार्फत नेमावेत आणि आजारपणात बुडालेल्या तारखांसाठी अल्प निर्वाहभत्ता द्यावा.

महापालिकेकडे एकच मागणी आहे. महापालिका शाळांचे वर्ग सायंकाळी सहानंतर रिकामे असतात. त्यांपैकी काही, नोंदणीकृत कलाकारांना नाममात्र भाड्याने तालमीसाठी मिळावेत.

या मागण्यांवर चर्चेसाठी, यंदाचा गणेशोत्सव सुरू होण्यापूर्वी, आमच्या पाच प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी ही विनंती. नोंदणी अर्जाचा आणि एकपानी करारनाम्याचा मराठी मसुदा आम्ही तयार केला असून भेटीच्या वेळी तो सोबत आणू.

आपले नम्र,
पुणे शहर व परिसरातील स्वतंत्र गायक, वादक व संगीतकार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)