रिपोर्ट हवाच, पण आधी बाळाकडे बघा

नवजात बाळाला जंतुसंसर्गाची शंका आली की हल्ली तालुक्याच्या ठिकाणीही 'सीआरपी'साठी रक्त घेतात. नातेवाईक एवढेच विचारतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" हो म्हटले की बाळाला घरी न्यायची घाई सुरू. आणि दुसऱ्यांदा रक्त मागितले की डॉक्टर पैसे काढतो म्हणून कुरकुर. दोन्ही समजुती बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण पिकावर रोग दिसला की नुसत्या प्रयोगशाळेच्या कागदावर विसंबून चालत नाही, शेतात उतरून पानही उलटून बघावे लागते, हे शेतकरी बंधूंना मी सांगायला नको.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन. अंगात जंतू पसरले की ते वाढते, पण रक्तात दिसण्याइतके वाढायला साधारण सहा ते बारा तास जातात. म्हणजे आजाराच्या सुरुवातीला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. उलट बाळंतपण अवघड झाले असेल तर जंतू नसतानाही ते वाढते. 'प्रोकॅल्सिटोनिन' त्याहून लवकर वाढते; पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही वाढलेले असते. रक्ताचे कल्चर जास्त खात्रीचे, पण त्याला एक-दोन दिवस लागतात, आणि रक्त थोडे असल्याने जंतू निसटूही शकतात. म्हणूनच डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा सीआरपी बघतात. दोन्ही वेळा नॉर्मल आले आणि बाळही चांगले असले, तर अँटिबायोटिक लवकर थांबवता येते. तेव्हा दुसरे रक्त वाया जात नाही.

तपासणी नसली तरी आजार ओळखता येतो, हे गडचिरोली जिल्ह्याने दाखवून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर बाळांची देखभाल सुरू केली. बाळाला ऊब, आईचे दूध, आणि लक्षणांवरून संसर्ग ओळखून घरीच औषध व इंजेक्शन. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या.

ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत: रडणे मंद किंवा बंद होणे, दूध ओढायचे कमी होणे, हातपाय ढिले पडणे, अंग गार किंवा गरम लागणे, पोट फुगणे वा उलट्या, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, नाळेला पू. यातले एक जरी दिसले तरी दृष्ट काढत, सकाळची वाट बघत बसू नका. आशाताईला बोलवा, १०२ किंवा १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताची तपासणी, औषध आणि वाहन मोफत आहे.

सरपंच व पोलीस पाटलांनीही एवढे करावे. ही लक्षणे आणि आशाताईचा नंबर पंचायतीच्या फळ्यावर लावा. रुग्णवाहिकेला उशीर झाला तर रात्री कोणाची जीप निघेल, हे ग्रामसभेत आधीच ठरवून ठेवा. रक्त तपासायला दवाखाना आहे. पण बाळ वेळेवर तिथे पोचवणे गावाच्याच हातात आहे.