उत्तर मिळालें, शिक्षक मिळाला नाहीं

विधानसभेंतील प्रश्नोत्तरांचा तास म्हणजे मंत्र्यांची परीक्षा, असें आपण समजतों. आम्ही गेलीं वीस-बावीस वर्षें खेड्यांतील शाळेंत मुलांच्या परीक्षा घेत आलों आहोंत. आणि ज्या परीक्षेंत परीक्षार्थीच प्रश्नाचा अर्थ ठरवितो व गुणही आपले आपणच मांडून घेतो, तिला परीक्षा म्हणणें आमच्या जिवावर येतें. तरीपण हा तास आम्हांस टाकाऊ वाटत नाहीं. रयतेच्या हातीं जीं थोडीं हत्यारें आहेत, त्यांत हें एक चांगल्या पोलादाचें आहे. तें बोथट झालें आहे तें वापरणारांच्या हातून, आणि त्या वापरणारांत आमदारांबरोबर आपणही आहोंत.

हा हक्क कोणी ताटांत वाढून दिलेला नाहीं. १८६१ च्या कायद्यानें जीं कौन्सिलें निघालीं, त्यांत सभासदास सरकारला प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. १८९२ सालीं प्रश्न विचारावा, पण उत्तर ऐकून गप्प बसावें, असें ठरलें. १९०९ सालीं ज्याचा प्रश्न त्यालाच उपप्रश्न करण्याची परवानगी मिळाली. आणि कोणाही सभासदास उपप्रश्न विचारतां येऊं लागला तो १९१९ च्या सुधारणेनंतर. म्हणजे "बरें, मग पुढें काय?" एवढे साधे शब्द सरकारपुढें उच्चारण्यास अठ्ठावन्न वर्षें लागलीं!

ज्यांना कौन्सिलाचें दार बंद होतें, त्यांनींही विचारावयाचें सोडलें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेवलें, त्याचा मुद्दा सरळ होता: सरकारी उत्पन्न बहुतांशीं राबणाऱ्या रयतेचें, मग तें वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर कां खर्च व्हावें, आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला इतकें थोडें कां यावें? पुढें १९२७ च्या मार्चांत मुंबईच्या कायदे कौन्सिलांत शिक्षणखात्याच्या मागणीवर डॉ. आंबेडकर बोलले. त्यांनीं आरडाओरड केली नाहीं. दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवले. १९२३-२४ सालीं इलाख्यांत शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च, आणि अबकारी खात्यांतून, म्हणजे लोकांच्या दारूंतून, सरकारला दरडोई दोन रुपयांहून अधिक मिळकत. दुसरा आंकडा याहून कडू होता. प्राथमिक शाळेंत शंभर मुलें शिरलीं तर चौथ्या इयत्तेपर्यंत अठराच पोंचतात. बाकीचीं ब्याऐंशी पुन्हां निरक्षरांत जमा. सरकारच्याच कागदांतून काढलेले हे आंकडे सरकारला "हें खरें नाहीं" असें म्हणून झटकतां येण्यासारखे नव्हते. प्रश्न कसा करावा याचा याहून चांगला कित्ता आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आजचे प्रश्न पाहा. ठरलेला सांचा आहे: "अमुक तालुक्यांतील शाळांत शिक्षकांच्या जागा रिक्त आहेत, हें खरें आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यांत येत आहे? नसल्यास, विलंबाचीं कारणें काय?" उत्तराचाही सांचा आहे. "हें अंशतः खरें आहे." कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हें विचारावयाचें नाहीं! "कार्यवाही सुरू आहे." केव्हां सुरू झाली, केव्हां संपेल, याची तारीख नाहीं. आणि शेवटीं तें अमर वाक्य: "प्रश्न उद्भवत नाहीं." चार इयत्तांचीं मुलें एकाच खोलींत एका शिक्षकापुढें बसलेलीं, दुसऱ्या खोलीचें छप्पर गळतें, आणि मुंबईंत छापलेल्या कागदावर प्रश्न उद्भवत नाहीं.

मंत्र्यांस दोष देण्यापूर्वीं हें उत्तर तयार कसें होतें तें वाचकांस सांगितलें पाहिजे, कारण त्या कारखान्यांत आम्हीही एक मजूर आहोंत. प्रश्न मंत्रालयांत येतो, तेथून संचालनालय, जिल्हा परिषद, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख अशी त्याची उतरंड लागते, आणि शेवटीं भर वर्गांत आमच्या मोबाइलवर निरोप पडतो: "विधानसभा प्रश्न, अति तातडीचें, एक तासांत माहिती भरा." मग फळ्यावरचें गणित अर्धवट टाकून आम्ही तक्ता भरतों. शाळेला शिक्षक कमी कां, या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं असलेला एक शिक्षक वर्गाबाहेर निघतो! शिक्षणहक्क कायद्यांत जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढींच अशैक्षणिक कामें शिक्षकास सांगावीं असें म्हटलें आहे. तक्ते भरण्याचें काम कोणत्या कलमांत बसतें कोण जाणे. बरें, आम्ही भरलेला आंकडा वर जातांना प्रत्येक पायरीवर थोडा थोडा गुळगुळीत होतो. "शिक्षक नाहीं" याचें "पर्यायी व्यवस्था केली आहे" असें होतें. ती पर्यायी व्यवस्था म्हणजे शेजारच्या वस्तीवरचा शिक्षक आठवड्यांतून दोन दिवस इकडे. त्या दोन दिवसांत तिकडची शाळा कोण पाहतो हें तिकडच्या प्रश्नाच्या उत्तरांत पाहावें.

येथें कोणी म्हणेल, गांवच्या शाळेचा प्रश्न मुंबईला कशाला? जिल्हा परिषद काय करते? खरें आहे. १९६१ च्या कायद्यानें जिल्हा परिषदा झाल्या त्या यासाठींच कीं, शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी यांचा जाब जिल्ह्यांतच घेतां यावा. परंतु २०२२ च्या मार्चांत बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुकांऐवजीं प्रशासक बसले. सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या मेमध्यें निवडणुका घ्या म्हणून हुकूम द्यावा लागला. तीन वर्षांहून अधिक काळ ज्या सभागृहांत शाळेचा प्रश्न निघावयाचा, त्याला कुलूप होतें. अंदाजपत्रक करणारा अधिकारी, मंजूर करणारा अधिकारी, आणि खर्चही तोच पाहणार! अशा काळांत आमदाराचा प्रश्न हाच खेड्याचा एकुलता आवाज होता. आणि त्याच काळांत, २०२३ च्या सप्टेंबरांत, वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले. अशा शाळा राज्यांत सुमारें पंधरा हजार. त्यांतील मुलें बहुतेक वाड्यावस्त्यांवरचीं, ऊसतोडीवाल्यांचीं, मेंढपाळांचीं, आदिवासी पाड्यांवरचीं. "शाळा बंद करणार काय?" असें विचारलें तर उत्तर "नाहीं" असें येणार, कारण कागदावर तिचें नांव "समायोजन" आहे. विचारावयाचें तें असें: सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यांत ओढ्यापलीकडच्या शाळेंत जाणार कशी, गाडीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखालीं, आणि गाडी न आल्यास जबाबदार कोण? पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी, ही सरकारनेंच घातलेली अट आहे.

पैशाचेंही तेंच. "किती तरतूद केली?" हा प्रश्न मंत्र्यांस फार आवडतो, कारण उत्तरांत कोटींचे आंकडे येतात व वर्तमानपत्रांत मथळा होतो. तीसपर्यंत पटाच्या शाळेस समग्र शिक्षेंतून वर्षाचें अनुदान दहा हजार रुपये ठरलेलें. त्यांत खडू, झाडू, दुरुस्ती व विजेचें बिल. तें खात्यांत येतें कित्येकदां वर्ष सरतां सरतां, तेंही तुकड्यांनीं, आणि ३१ मार्चच्या आंत खर्च करा म्हणून घाई. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत खडू गुरुजींच्या खिशांतून. तेव्हां तरतूद विचारूं नये. खात्यांत जमा झाल्याची तारीख विचारावी. त्या तारखेंत सगळें पाणी दिसतें.

आमदारांविषयीं दोन शब्द. कांहीं सभासद खरोखर अभ्यास करून प्रश्न करतात, त्यांस आमचा नमस्कार. कांहींचे प्रश्न अधिकाऱ्यास खिंडींत गांठण्यापुरते असतात. तडजोड झाली कीं उपप्रश्न आटतो. २००५ सालीं पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून अकरा खासदारांस संसदेनें काढून टाकलें, हें विसरूं नये. पण आमदार मंडळींस बिघडविलें कोणी? त्यांच्या निधींतून कमान मागावयाची, सभामंडप मागावयाचा, लग्नाला व दहाव्याला ते आले नाहींत तर रुसावयाचें; आणि पांच वर्षांत एकदांही विचारावयाचें नाहीं कीं, साहेब, आपण आमच्या तालुक्याच्या शाळांविषयीं किती प्रश्न केले व त्यांस उत्तरें काय आलीं! कोणी म्हणेल, शिक्षकांचे स्वतंत्र आमदार आहेत, ते पाहतील. विधान परिषदेंत शिक्षकांच्या सात जागा आहेत खऱ्या. परंतु घटनेप्रमाणें तेथें माध्यमिक व त्यावरच्या शाळांतील शिक्षकांसच मत आहे. अ-आ-ई शिकविणारा त्या मतदारसंघापुरता शिक्षकच नव्हे!

शिवाय नोकरीच्या नियमांनीं आमचीं तोंडें बांधलेलीं. आईबापांचीं बांधलेलीं नाहींत. प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिति आहे, तिच्यांत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. त्या समितीनें ठराव करून आपल्या आमदारांस अधिवेशनाच्या बरेच आधीं असा लेखी प्रश्न द्यावा: "अमुक तालुक्यांतील कोणत्या जिल्हा परिषद शाळांत मंजूर संख्येपेक्षां शिक्षक कमी आहेत, त्यांचीं नांवें, पट व प्रत्येक जागा रिक्त झाल्याची तारीख, त्या शाळांस गेल्या तीन वर्षांत मिळालेलें अनुदान, खात्यांत जमा झाल्याच्या तारखा व ३१ मार्चपर्यंतचा खर्च, आणि या जागा कोणत्या तारखेपर्यंत भरल्या जातील?" यांत "हें खरें आहे काय" असें एकदांही आलेलें नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच.

तारांकित प्रश्न पुष्कळदां तासांत पुकारलाच जात नाहीं. तरी त्याचें छापील उत्तर सभागृहापुढें ठेवलें जातें. त्याची प्रत आमदारांकडून मागून घ्यावी, ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावी, आणि शाळेच्या हजेरीपटाशीं ताडून पाहावी. पट जुळला नाहीं तर न जुळणाऱ्या ओळीखालीं लाल शाईची रेघ ओढून तोच कागद पुढच्या अधिवेशनापूर्वीं पुन्हां त्यांच्याच हातीं द्यावा.