हौस कुत्र्याची, जीव मेंढरांचा

पुण्यात वाकडला बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भाच्याने बॉर्डर कॉली पाळलाय. नाव सिंबा. आमचा कुत्रा बंड्या इकडे यॉर्कशरमधल्या एका शेतावर मेंढ्या वळतोय, असा व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच भाच्याचा फोन. "मावशी, सासवड रस्त्याला धनगरांचे कळप असतात. सिंबाला एकदा सोडून बघू का?" अजिबात सोडू नकोस, म्हटलं. का, ते इथे लिहिते, कारण ही हौस त्याच्या एकट्याची नसणार.

इकडे इंग्लंडमध्ये पाळीव कुत्र्याची मेंढ्यांशी पहिली गाठ घालून देतात ती गोल कुंपणात. आत चार-पाच मेंढ्या, त्याही कुत्र्यांना सरावलेल्या. गाभण किंवा लेकुरवाळी मेंढी त्यात घेत नाहीत. कुत्र्याच्या गळ्यात लांब दोरी, मालक कुंपणाबाहेर आणि आत काठी घेतलेली शेतकरीणबाई. बंड्याने आत जाताच काय केलं? लेंड्या खाल्ल्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंना त्याचं काही नव्हतं. बावरलेली कुत्री असलेच उद्योग करतात, म्हणाल्या.

मग एक मेंढी हलली आणि बंड्याची मान खाली गेली. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, बाई शेपटीकडे. शेपटी वर असली तर त्याला हा खेळ वाटतोय, खाली आली की डोकं कामाला लागलं. ती खाली आली तशा बाई दोन पावलं डावीकडे सरकल्या. बंड्या कुणी न सांगता मेंढ्यांना वळसा घालून पलीकडे गेला आणि बरोबर बाईंच्या समोर उभा राहिला. मेंढ्या दोघांच्या मधे. बाई उजवीकडे, तर हा पुन्हा त्यांच्या समोर. थोड्याच वेळात बाईंनी त्याला बाहेर काढलं. एक मेंढी तोंड उघडून धापा टाकायला लागली होती. पैसे मी भरले होते, पण वेळ मेंढीने ठरवली, आणि ते मला फार पटलं.

कौतुक पुरे. बंड्याने दाखवलं ते मुळात शिकारीचंच अंग. लांडगा भक्ष्यावर नजर रोखतो, दबकत जातो, पाठलाग करतो, चावतो, मारतो. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या कुत्री निवडून यातलं आधीचं ठेवलं आणि शेवटचं दाबलं. आजच्या बहुतेक कॉलींचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प 1893 साली नॉर्थम्बरलँडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मला. न भुंकता, शांतपणे, नुसत्या नजरेने काम करणारा म्हणून त्याची ख्याती. पण दाबलेलं पुसलं जात नाही. आणि पुण्यात हौसेने विकत घेतलेल्या पिल्लाचे आईबाप मेंढीसमोर कधी उभे तरी राहिलेत का?

इंग्लंड-वेल्समध्ये 1953 पासून कायदाच आहे. शेतात मेंढ्यांच्या मागे कुत्रं नुसतं धावलं तरी मालक गुन्हेगार, चावायची गरज नाही. ते योग्यच आहे. गाभण मेंढी घाबरून पळाली तर गाभडू शकते, आणि त्याचा पत्ता कुत्र्याचा मालक घरी पोचल्यावरही लागत नाही.

आता सासवड रस्ता. धनगराचा कुत्रा मेंढरं वळत नाही, ती धनगर स्वतः वळतो, हाकेने आणि काठीने. कुत्रा असतो राखणीला, रात्री जाळीच्या वाघरीतल्या मेंढरांवर लांडगा येऊ नये म्हणून. त्या मेंढरांना ओळखीचा कुत्रा म्हणजे राखणदार. नजर रोखून दबकत येणारा परका कुत्रा त्यांच्या लेखी लांडगाच. कळप उधळला तर शेजारी डंपर धावणारा रस्ता. शिवाय वाड्यावरची कुत्री सिंबाचं काय करतील, ते भाच्याने डोळ्यांपुढे आणावं. नंतर धनगराच्या हातावर शे-पाचशे टेकवले की झालं, असं म्हणणारेही आहेत. त्यांनी आधी एका मेंढीची किंमत विचारावी.

सिंबाला काम हवंय, हे मला मान्य आहे. दोन वेळा सोसायटीला फेरी मारून कॉलीचं भागत नाही. मग तो लहान मुलांना आणि स्कूटरना वळायला लागतो. त्याला वास घेऊन वस्तू शोधायला शिकव. मोठाले चेंडू नाकाने ढकलत आणायचा एक खेळ जर्मनीत निघालाय, तो गच्चीवरही जमेल. त्याआधी हाक मारल्यावर पहिल्या हाकेला परत यायला शिकव. ते आलं नाही तर इथले शेतकरीही कुंपणाचं दार उघडत नाहीत.

भाचा रुसलाय. तिकडे चालतं ते इथे का नाही, म्हणतो. इकडे चालतं ते शेतकऱ्याच्या राजीखुशीने, त्याच्या कुंपणात, त्याच्या अटींवर. पुण्याजवळ एखाद्या मेंढपाळाने आपणहून मेंढ्या सरावून असं कुंपण घातलं आणि घसघशीत दर लावला, तर सिंबाची पहिली फी मी पाठवेन.