पाणी चढलं की काठावर

परवा थोरल्याचा फोन आला. पोर्टलंडला सकाळ, आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, "आई, क्लॅकमस चढली आहे. शनिवारपर्यंत पाणी उतरायला लागेल, मग मासे धरायला जाईन म्हणतो."

मी एवढंच विचारलं, "काठावरूनच ना?"

"हो गं, काठावरूनच," म्हणून हसला.

या एका शब्दावरून आम्हा मायलेकांत एकदा चांगलंच वाजलं होतं. नातेवाइकांपैकी काहींना ते माहीत आहे. पण मी तेव्हा इतकी का बिथरले, ते मात्र कोणालाच सांगितलेलं नाही. आज लिहून टाकते. शिवाय या विषयावर माझं स्वतःचं एक मत आहे. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईचं मासेमारीवर मत, म्हणून हसू नका. कोकणात जन्म गेला आहे माझा.

आधी तो मासा कोणता ते सांगते. त्याचं नाव स्टीलहेड. आपण ज्याला रेनबो ट्राउट म्हणतो तीच जात. यातले काही जन्मभर नदीतच राहतात आणि काही लहानपणी समुद्रात जातात, तिथे खाऊनपिऊन मोठे होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतात. समुद्रावर जाऊन आलेला तो स्टीलहेड. मी नातवाला म्हटलं, "हा आपला चाकरमानी! मुंबईला जाऊन अंगानं भरला आणि गणपतीला गावी आला." पॅसिफिकमधले सामन मासे अंडी घातली की मरतात. स्टीलहेडचं तसं नाही. काही जण पुन्हा समुद्राकडे परत जातात. म्हणजे अगदीच चाकरमानी.

त्यातही उन्हाळी आणि हिवाळी असे दोन प्रकार. हिवाळी मासा नदीत शिरतो तो अंडी घालण्याच्या तयारीनंच. उन्हाळी मात्र मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कधीही येतो आणि अंडी घालतो ती पुढच्या हिवाळ्याच्या अखेरीस नाहीतर वसंतात. तोवर कित्येक महिने नदीतच मुक्काम. या काळात खाणंही फार थोडं. अंगावर साठवलेल्या चरबीवर दिवस काढायचे. म्हणजे घरी लवकर येऊन उपासाला बसलेला पाहुणाच की!

आता चढलेल्या पाण्याकडे येते. ओरेगनात उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगरावरचं बर्फ वितळत असतं आणि वर पाऊस झाला की नद्या फुगतात. तिकडे प्रत्येक मोठ्या नदीवर मापनकेंद्र असतं आणि त्याचे आकडे घरबसल्या दिसतात. सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं, तो आकडा. थोरल्यानं पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी म्हटलं, "अरे, हे तर आपलं क्युसेक!" पावसाळ्यात बातम्यांत सांगतात ना, खडकवासल्यातून इतके क्युसेक सोडले, तेच माप.

2022 च्या जूनमध्ये मी तिकडे होते. त्या वर्षी पोर्टलंडला पाऊस हटतच नव्हता, मला घरच्यासारखं वाटत होतं. एका शनिवारी थोरला, दहा वर्षांचा नातू आणि मी असे तिघे एस्टाकाडा गावाजवळच्या मॅकआयव्हर पार्कमध्ये गेलो. हे दोघे मासे धरणार आणि मी थर्मास घेऊन बसणार. आकडा आदल्या आठवड्याच्या दुप्पट होता, पण उतरायला लागला होता. पाण्याला हिरवट रंग, काठाशी दीड-दोन फुटांपर्यंतचे गोटे दिसत होते. थोरला म्हणाला, "हाच रंग पाहिजे. गढूळ असलं तर माशाला गळ दिसत नाही आणि अगदी नितळ असलं तर आपण दिसतो."

मग त्यानं ती छातीपर्यंतची, पाणी आत न शिरणारी विजार चढवली, कमरेला पट्टा आवळला, हातात काठी घेतली आणि पाण्यात उतरायला लागला. मध्ये एक खडक होता. मागच्या ऑगस्टमध्ये त्याच खडकाला टेकून उभं राहून त्यानं मासा धरला होता म्हणे. आता खडकाचं नुसतं टोक दिसत होतं. आणि माझा नातू मागोमाग निघालेला.

मी उठले आणि ओरडले. साधं नाही, वर्गात ओरडायची तशी. "एक पाऊल पुढे टाकायचं नाही! दोघांनीही!"

आसपासची चार माणसं वळून बघायला लागली. थोरला काठावर आला, चेहरा लालबुंद. "आई, तुला इथलं काही कळत नाही. मी पंधरा वर्षं करतोय हे. पोरासमोर असं ओरडतेस?" मीही काही कमी नाही. म्हटलं, "जायचं तर मला आधी घरी सोड, मग जा." असो. तो सगळा संवाद काही लिहिण्यासारखा नाही.

तेवढ्यात शेजारी मासे धरत असलेले एक म्हातारे गृहस्थ आले. माझ्याच वयाचे असावेत. आमचं भांडण मराठीत चाललेलं, पण भांडणाला भाषांतर लागत नाही. ते थोरल्याला हळूच म्हणाले की तू जिथे उभा राहायला निघालास तिथे मासे नाहीत, आणि जिथून चाललास तिथेच आहेत. तू त्यांच्या डोक्यावरून चालला होतास.

ते स्वतः कोरड्या गोट्यांवर उभे होते. लांब फेकीच्या भानगडीत पडत नव्हते. काठापासून दोन-तीन हातांवर, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या झुडपांच्या आणि मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला गळ सोडत होते. तासाभरात त्यांना एक लागला, तीनेक किलोचा असेल. त्यांनी आधी त्याची पाठ पाहिली. मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तो पर सोडण्याआधी कापतात. पर नसलेला मासा ठेवता येतो. पर शाबूत असेल तर तो नदीतच जन्मलेला, त्याला सोडून द्यावं लागतं. क्लॅकमसमधले उन्हाळी स्टीलहेड हॅचरीतूनच आणून सोडलेले, तिथले मूळचे ते हिवाळी. म्हाताऱ्यांच्या माशाला तो पर नव्हता. त्यांनी तो ठेवला, परवान्यावर नोंद केली आणि निघून गेले. आमच्या थोरल्याला काहीच मिळालं नाही. येताना गाडीत कोणी बोललं नाही.

मी नंतर त्यावर बराच विचार केला. गोष्ट अगदी सोपी आहे, सातवीच्या मुलालाही समजेल अशी. नदीचं पाणी मध्यभागी जोरात वाहतं, काठाला आणि तळाला घासून मंद होतं. पाणी चढलं की मधला लोंढा माशालाही झेपत नाही. ज्याला महिनोन्महिने उपाशी काढायचे आहेत तो ताकद कशाला घालवेल? तो काठाशी येतो, संथ पाण्यातून वर सरकतो, धोंड्याआड थांबतो. आणि माणूस काय करतो? पाणी कमी असताना मासा जिथे मिळाला होता, ती जागा धरून बसतो. तिथे पोचायला लोंढ्यात शिरतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे विसरतो.

हे मला त्या म्हाताऱ्यांनी शिकवलं असं मी आजवर सांगत आले. ते खरं नाही. मला ते आधीपासून माहीत होतं.

कोकणातल्यांना चढणीचे मासे सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी सांगते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की पऱ्या लाल पाण्यानं भरून वाहतो आणि मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, वर, थेट भाताच्या खाचरांपर्यंत चढतात. मग गावात कोणी घरी राहत नाही. गॅसबत्त्या, पाग, टोपल्या, कोयत्या, डोक्यावर इरलं. त्या माशांच्या पोटात गाभोळी असते, म्हणून त्यांची चव वेगळी.

1983 चा जून. शाळा नुकतीच सुरू झाली होती. सातवीत एक मुलगा होता, नाव लिहीत नाही, त्याची भावंडं अजून गावात आहेत. अभ्यासात यथातथा, पण पऱ्यातला प्रत्येक दगड त्याला पाठ. त्या दिवशी दुपारी पाऊस कोसळत होता आणि त्याचं लक्ष खिडकीबाहेर. मी विचारलं तर म्हणाला, "बाई, आज चढण लागणार." सगळा वर्ग हसला. मीही हसले. आणि म्हटलं, "मग बाईंना विसरू नको हो. दोन मला आण."

संध्याकाळी साकवाखाली तो पाण्यात उतरला. मे महिन्यात ज्या दगडावर उभा राहून पोरं उड्या मारायची, त्या दगडाकडे निघाला होता, असं बरोबरचे म्हणाले. दुसऱ्या दिवशी खाली खाडीच्या तोंडाशी सापडला.

त्या संध्याकाळी बाकीच्यांनी मासे धरले ते काठावरच्या गवतात, घोटाभर पाण्यात. हेही बरोबरच्या पोरांनीच सांगितलं.

माझं वाक्य कोणाच्या लक्षात नव्हतं. त्याच्या आईला मी भेटायला गेले तेव्हाही सांगू शकले नाही. माझ्या दोन माशांसाठी तो आत गेला असं मी म्हणत नाही. तो तसाही गेला असता. पण बाईंनी "जपून" म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. त्यानंतर चढणीचा मासा मी तोंडात घातलेला नाही. घरच्यांना वाटतं मला वास सोसत नाही.

तर माझं मत असं. पाणी चढलं की मासे धरायला जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. पाणी उतरायला लागल्यावरचे एक-दोन दिवस उत्तम, असं अनुभवी माणसं सांगतात आणि ती खोटं बोलत नाहीत. जा, पण आकडा बघून जा. चढत्या पाण्याला नको, उतरत्या पाण्याला. आणि गेलात तर काठावर उभे राहा. "धोका कुठे नाही? रस्त्यावरही आहे," असं थोरला म्हणतो. बरोबर आहे. पण रस्त्यावर पलीकडे जायचं असतं म्हणून आपण उतरतो. इथे जे हवं ते पायाशी आलेलं आहे, आणि आपण उगीच पलीकडे निघालोय.

आणि ते पायाशी आलेलं आहे म्हणूनच दुसरीही एक गोष्ट म्हणते. चढलेलं पाणी माशाला आपल्या हाताशी आणून देतं. अशा वेळी किती घ्यायचं, हे ठरवायची जबाबदारी आपली असते. ओरेगनातच उत्तर अम्पक्वा नावाची नदी आहे. तिथले उन्हाळी स्टीलहेड मूळचे, नदीतच जन्मणारे. त्या नदीला मिळणाऱ्या स्टीमबोट क्रीकमध्ये 1932 पासून मासेमारी बंद आहे. तिथल्या एका डोहात हे मासे उन्हाळाभर दाटीनं थांबलेले असतात आणि कोणी चोरून मारू नये म्हणून स्वयंसेवक काठावर राखणीला बसतात. 2021 मध्ये मासे फारच कमी आले, तर मूळ नदीवरही काही महिने मासेमारी बंद केली. हे काही परदेशातलंच शहाणपण नाही. रायगडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, वैतरणेवर तिळसे आहे. तिथले मासे देवाचे म्हणून कोणी हात लावत नाही. राखणीला तिकडे स्वयंसेवक, इकडे देव. मासे दोन्हीकडे राहिले.

पण देवाच्या डोहाबाहेर आपण काय करतो? गरिबाघरी चार दिवस कालवण होतं, त्याला माझी हरकत नाही. पण पऱ्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्यानं अडवायचा, पाण्यात विजेची तार सोडायची, ब्लीचिंग पावडर टाकायची, हे मासे धरणं नव्हे. गाभोळीनं भरलेला मासा खाचराकडे चाललेला असतो. अर्धा पऱ्या तरी त्याच्यासाठी मोकळा ठेवावा. पंचायतीनं एवढं ठरवलं तरी पुरे, त्याला सरकारी कायद्याची वाट बघायला नको.

हे सगळं लिहून झाल्यावर मजकूर थोरल्याला पाठवला. इथे टाकण्याआधी त्यानं वाचावं असं वाटलं. त्याचा रात्री उशिरा फोन आला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आई, तेव्हाच सांगायचं होतंस."

म्हटलं, "तेव्हा तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतास, आणि मीही सांगण्याच्या."

शनिवारी दोघे जाणार आहेत. नातू आता उंचीनं बापाच्या खांद्याला लागला आहे, त्याचा स्वतःचा परवाना आहे. मी त्याला वेगळा फोन करून सांगितलं, मासा मिळाला तर आधी त्याची पाठ बघ आणि मग आजीला फोटो पाठव. आणि जपून रे बाळा, असंही म्हटलं. तो म्हणाला, "आजी, तू हे दर वेळी म्हणतेस."

म्हणते. म्हणत राहीन.